खांब नऊचे बारा क्यूब

१

बुधवारी सकाळी आठ वाजता लॅबचं दार उघडलं. टाकीत पाणी होतं, पाण्यात क्यूब होते, फक्त खांब नऊचे बारा क्यूब नव्हते.

क्यूब म्हणजे अर्ध्या फुटाचा काँक्रीटचा ठोकळा. खांब ओतताना त्याच मालातून थोडा साच्यांत भरायचा, वरच्या बाजूला खिळ्यानं खांबाचा नंबर आणि तारीख कोरायची, दुसऱ्या दिवशी ठोकळे पाण्यात सोडायचे आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनखाली चिरडून बघायचं, किती भार सोसतात ते. खांबाला तोंड नसतं. त्याच्या वतीनं साक्ष क्यूब देतो, तीही मरताना. खांब नऊचा अठ्ठाविसावा दिवस आजच होता.

आणि रविवारी उद्घाटन. राजधानीहून त्या दुसऱ्या शहराला जायला सहा तास लागत, ते आता अडीच लागणार होते. राजधानीतले लोक म्हणत, आता तिकडची गर्दी इकडे येणार. तिकडचे म्हणत, आता इकडचे शहाणे जमिनी हुंगत तिकडे येणार. अडीच तासांत एकमेकांच्या दारात पोचावं अशी इच्छा दोन्हीकडे कुणालाच नव्हती, पण रस्ता झाला होता. मधल्या दरीवरचा पूल तेवढा ताजा होता, आणि त्याच्या मधोमध खांब नऊ.

दक्षता विभागाचा माणूस दहा वाजता पोचला. खात्यात त्याला खिळा म्हणत. कुणाच्याही टायरमध्ये घुसतो म्हणून. त्याला ते माहीत होतं आणि त्याची हरकत नव्हती. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याला मिळालेली ती एकमेव बढती होती.

फाटकावर माजी सैनिक होता. त्यानं खिळ्याची बॅग उघडून डब्याचं झाकणही काढून पाहिलं.

"जाताना परत दाखवायची."

"मी चौकशीला आलोय."

"तेच म्हणतोय. मागचे चौकशीवाले जाताना भिंतीवरचं घड्याळ घेऊन गेले. येताना कुणी काय आणतंय ते मी बघत नाही. तुमचीच बॅग बघितली, कारण तुम्ही चौकशीवाले. पण बाहेर जाताना मंत्र्याची गाडीसुद्धा उघडणार."

आवारात चार-पाच गाड्या होत्या. त्यांतली एक पांढरी मोटार मागच्या बाजूनं अशी बसली होती, की जेवण जास्त झालेल्या पाहुण्यागत तिला कुणीतरी हात देऊन उठवावं. रिकामी उभी, काचेवर दोन दिवसांची धूळ.

कंत्राटदाराचा मॅनेजर पायऱ्यांवरच भेटला. खुर्ची दाखवली नाही, पाणी विचारलं नाही.

"काही शोधायचं राहिलेलं नाही," तो म्हणाला. "लॅबची किल्ली एकीकडेच, त्या लॅबवाल्या बाईकडे. ती तिकडची. वर्तमानपत्रवाल्यांना विकले असणार. चार वाजता पोलीस येतायत, बाईला घेऊन जातील. तोवर तुम्ही काय ते कागद रंगवा."

"क्यूब नसले तर खांबाचं काय?"

"नियमच आहे. क्यूब गहाळ झाले तर सात दिवसांचा निकाल धरायचा. तो उत्तम आहे. आमच्या निवासी अभियंत्यांची सही आहे त्यावर."

"त्यांना भेटायचंय."

आतला दरवाजा उघडला आणि निवासी अभियंता बाहेर आला. खिळ्यानं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं खिळ्याकडे. नऊ वर्षं ते दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते.

तो खिळ्याचा साडू होता.

२

भांडणाचं कारण साधं होतं. साडूनं नवं घर बांधलं, खिळा सहकुटुंब बघायला गेला आणि सगळे सोफ्यावर बसलेले असताना त्यानं खिशातून ओळंबा काढून दिवाणखान्याच्या भिंतीला लावला. भिंत एक इंच बाहेर होती. तेव्हापासून दोघी बहिणी फोनवर बोलत आणि दोघे नवरे फोटोत दोन टोकांना उभे राहत.

"या, साडूभाऊ," साडू म्हणाला. "ओळंबा आणलाय ना?"

"पट्टी आणलीये. काल दुपारी काय झालं?"

"काय व्हायचंय! उद्घाटनाची रंगीत तालीम होती. तीन ते सहा, सगळा स्टाफ पुलाच्या तोंडाशी. इथं फाटकावरचा तेवढा होता. सहाला तो फेरी मारायला गेला तर लॅबचं कुलूप तुटलेलं."

"तुम्ही तालमीला होतात?"

"मग काय घरी झोपलो होतो? मॅनेजरसाहेब स्वतः मंत्री झाले होते. लाल फीत कापली, टाळ्या झाल्या, भाषण झालं. शिपायाला मंत्री करा म्हटलं तर म्हणाले, नको, त्याला सवय लागेल."

"तक्रार कुणी पाठवली?"

"मीच. सहा वीसला, मुख्यालयाला." त्यानं छापील कागद सरकवला. 'लॅबचे कुलूप तोडून खांब क्र. ९ चे बारा क्यूब चोरीस गेले आहेत. तरी तातडीने कारवाई व्हावी.' "घ्या. शुद्धलेखनाच्या चुका काढा. तेवढंच तुमच्या हातून होईल."

"तुमची ती पांढरी गाडी ना बाहेर?"

"का? तिलाही ओळंबा लावायचाय?"

"नाही," खिळा म्हणाला, "तिला न लावताही दिसतंय." आणि कागद घडी करून त्यानं खिशात ठेवला.

३

लॅब म्हणजे पत्र्याची लांबट शेड. एका टोकाला चिरडायचं मशीन, दुसऱ्या टोकाला सिमेंटची टाकी. बाई टाकीच्या कठड्यावर बसली होती. चाळिशीची, हाताची बोटं सिमेंटनं भेगाळलेली, ओढणीच्या टोकाला किल्ली बांधलेली. ती उठली नाही.

"तुम्ही त्यांचे साडू ना?"

"कुणी सांगितलं?"

"अख्ख्या साइटला माहितीये. मग निकाल लिहून आणला असेल. सही कुठं करू सांगा, चार वाजता मला जायचंय म्हणे."

"बारा क्यूब चोरीला कसे गेले?"

"चोरीला गेले असं ते म्हणतात."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणते, नऊ नंबर लिहिलेले क्यूब टाकीत दिसत नाहीत. सकाळी आठला दार उघडलं, मॅनेजरसाहेब माझ्या मागं उभे. सगळ्यांसमोर बघितलं. नऊ नंबर कुठंच नाही. एवढंच माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"काल तालमीला होतात?"

"होते की. कात्रीचं ताट धरायला बाई लागते ना. साइटवर बाई एकच. पंधरा वर्षं क्यूब फोडतेय, पण मंत्र्यांच्या समोर मी ताटाला हात लावायच्या लायकीची." ती कडवट हसली. "आणि कात्री तरी चालवायची! फीत महाग आहे, रविवारपर्यंत जपायची, म्हणून मोजायची टेप बांधली दोन खुंट्यांना. मॅनेजरसाहेबांनी हवेतच कात्री चालवली. दोनदा. पहिल्यांदा हसू नीट आलं नाही म्हणून."

खिळ्यानं वहीत एक ओळ लिहिली आणि तिच्याखाली रेघ मारली.

"टाकीचं रजिस्टर बघू?"

तिनं दिलं. रोज सकाळी आठ वाजता पाण्याची पातळी आणि तापमान. एकही दिवस सुटलेला नाही, एकही खाडाखोड नाही.

"हे रोज करता?"

"नियमात आहे. नियमात आहे ते करणारी इथं मी एकटीच, म्हणून माझं डोकं फिरलंय असं सगळे म्हणतात."

मंगळवार, ४१.२ सेंटिमीटर. बुधवार, ४१.०. खिळ्यानं पट्टी टाकीत बुडवून स्वतः मोजलं. एक्केचाळीस. त्याच्या कपाळावर एक आठी उमटली आणि तिथंच राहिली.

मग त्यानं ओतकामाचं रजिस्टर मागितलं. खांब नऊ, अठ्ठावीस दिवसांपूर्वी. 'सकाळी दहा ते दुपारी चार, निवासी अभियंता यांच्या प्रत्यक्ष उपस्थितीत.' खाली साडूची झोकदार सही.

खिळ्यानं तारीख पुन्हा वाचली. ती त्याला विसरणं शक्य नव्हतं. त्या दिवशी सासऱ्यांचं ऑपरेशन होतं. राजधानीतल्या एका इस्पितळाच्या व्हरांड्यात दहा ते चार तो एका बाकावर बसला होता, आणि समोरच्या बाकावर, त्याच्याकडे न बघण्याचा आटापिटा करत, सहा तास बसला होता त्याचा साडू.

४

"बाई, त्या दिवशी इथं नेमकं काय झालं?"

"सांगून काय उपयोग? घरातली गोष्ट घरातच जाईल."

"आमच्या घरातल्या गोष्टी घरात राहत नाहीत. ओळंब्याची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच."

तिनं त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "ते तुम्हीच होय?"

मग ती बोलली. काँक्रीटच्या चार गाड्या पुलावर आल्या आणि ओता म्हणायला कुणी नाही. साडूसाहेब फोन उचलेनात. गाड्या साडेतीन तास उन्हात उभ्या. माल घट्ट झाला. तो परत पाठवून फेकायला हवा होता. मॅनेजरनं ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडायला लावला. माल सैल झाला, सुरेख ओतला गेला. "दिसायला नऊ नंबरइतका गुळगुळीत खांब अख्ख्या पुलावर नाही. सात दिवसांनी क्यूब फोडले. मी तेहेतीस टन लिहिले. टाइप होऊन आलं तेव्हा त्रेसष्ट झाले होते. साठ लागतात. विचारलं तर म्हणाले, तुझं अक्षर कळत नाही."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगू? ज्यांना सांगायचं त्यांच्याच सह्या आहेत."

खिळा फाटकावर गेला. माजी सैनिकानं खुर्ची दिली नाही, पण स्वतःही उभा राहिला. एवढा मान खिळ्याला सकाळपासून मिळालेला पहिलाच होता.

"सहाला कुलूप तुटलेलं बघितलंत. आत गेलात?"

"अजिबात नाही. माझं काम दाराबाहेरचं. नवं कुलूप घातलं, चिकटपट्टी लावली, वर सही केली. सकाळी आठला बाईंनी सगळ्यांसमोर फाडली. मधे माशी आत गेली नाही."

"साडूसाहेबांना काय कळवलंत?"

"कुलूप तुटलंय, एवढंच. मला आतलं काय ठाऊक?"

"कालपासून बाहेर काय गेलं?"

"जेवणाचे डबे. तेही उघडून. बारा क्यूब म्हणजे शंभर किलोला थोडे कमी. डब्यात मावत नाहीत."

"लॅबच्या टाकीत पाणी कुणी भरलं?"

माजी सैनिक हसला. "पाणी? चार दिवस टँकर आलाय कुठं? सगळे टँकर रस्त्याच्या मधल्या फुलझाडांना लावलेत. मंत्र्यांना हिरवं दिसायला हवं. आम्ही तोंड धुवायला बाटली आणतो घरून."

खिळा तिथंच उकिडवा बसला आणि धुळीत बोटानं हिशेब मांडू लागला. एक क्यूब सव्वातीन लिटरहून थोडं जास्त पाणी सारतो. बारा मिळून चाळीस लिटर. टाकीच्या लांबी-रुंदीनं भागलं की सव्वादोन सेंटिमीटर. बारा क्यूब बाहेर काढले, तर पाणी तेवढं खाली बसायलाच हवं. बसलं होतं किती? दोन मिलिमीटर. तेवढं तर उन्हानंच प्यालं असेल.

त्यानं धूळ पुसली. घड्याळात साडेतीन वाजले होते. फाटकाबाहेर पोलिसांची जीप येऊन थांबत होती, ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी.

५

"बरं झालं आलात," मॅनेजर फौजदाराला म्हणाला. "ही बाई. घेऊन जा."

"दहा मिनिटं," खिळा म्हणाला.

"दहा मिनिटांत काय होणार?" साडू म्हणाला. "सासुरवाडीतही यांना भाजी वाढली की हे आधी मीठ मोजतात."

"चार गोष्टी मोजल्यात. एक, तक्रार. साडूभाऊ, सहा वीसला तुम्ही लिहिलंत, नऊ नंबरचे बारा क्यूब गेले. दार तेव्हा बंद होतं. आत कुणी गेलं नव्हतं. टाकीत साठ क्यूब. त्यांतले नेमके नऊ नंबरचे नाहीत, हे कळायला माणसाला टाकीवर वाकून एकेक नंबर वाचावा लागतो. तुम्ही कधी वाचलात?"

"अंदाज बांधला. दुसरं काय चोरणार कुणी?"

"ठीक. दोन. तालमीत लाल फीत कापली म्हणालात."

मॅनेजर चटकन म्हणाला, "फीत कुठं? टेप बांधली होती," आणि बोलल्यावर त्याला वाटलं की आपण बोलायला नको होतं.

"तालमीला तुम्ही नव्हतात. इथं होतात, कारण उरलेल्या सगळ्यांची गर्दी तिकडे होती. तीन, तुमची गाडी. दोन दिवस हललेली नाही, आत माणूस नाही, तरी मागून बसलीये. येताना फाटकावर तपासत नाहीत, जाताना तपासतात. आणलेलं परत नेता येईना म्हणून ती उभीच. फौजदारसाहेब, डिकी उघडायला सांगा."

"घरच्या माणसावर?" साडूचा आवाज चढला. "बायकोला काय तोंड दाखवशील? तिच्या बहिणीला काय सांगशील?"

"सांगेन की भिंतीपाशीच थांबलो नाही."

डिकीत पोत्याखाली बारा क्यूब होते. प्रत्येकावर कोरलेलं: नऊ, आणि अठ्ठावीस दिवसांपूर्वीची तारीख.

"मिळाले!" मॅनेजर ओरडला. "म्हणजे चोर हा. आमचा संबंध नाही. खांब उत्तम आहे, हेच क्यूब फोडा!"

"फोडा ना," साडू लगेच म्हणाला. "फोडाच."

चोर पकडला गेला आणि सगळ्यांत जास्त घाई त्यालाच, हे फौजदारालाही चमत्कारिक वाटलं.

"हे नऊचे नाहीत," खिळा म्हणाला. "हे दुप्पट सिमेंटचे, अदलाबदलीसाठी घरी बनवलेले. हे टाकीत ठेवायचे आणि खरे उचलायचे, म्हणून कुलूप तोडलं. पण टाकीत वाकून बघितलं तर खरे नऊ नंबर गायब! त्यांच्या आधीच कुणीतरी हात मारलेला. घाबरून चोरीची तक्रार केली. ती तेवढी त्यांनी खरी समजून केली."

"मग खरे कुठं?" फौजदारानं विचारलं.

"चौथी गोष्ट, पाणी. पाणी उतरलेलं नाही, म्हणजे टाकीतून काहीही बाहेर गेलेलं नाही. बाई, रजिस्टरप्रमाणे खांब चौदाचे क्यूब किती?"

बाई ओढणीच्या टोकाच्या किल्लीशी चाळा करत राहिली, तेव्हा खिळाच पुढं बोलला.

"बारा. टाकीत मी मोजले चोवीस. बारांची वरची बाजू खरबरीत, खिळ्यानं कोरलेली. बारांची आरशासारखी गुळगुळीत, वर लाल मेणाच्या खडूनं चौदा लिहिलेलं. साच्यातला तळ गुळगुळीत असतो. कुणीतरी ते उलटे ठेवलेत." तो तिच्याकडे वळला. "उलटे करा."

ती जागची हलली नाही. पोलीस, मॅनेजर, साडू, आणि साडूचा साडू. या चौघांत विश्वास टाकावा असा एकही चेहरा तिला दिसत नव्हता. पण चार वाजायला पाच मिनिटं होती. तिनं बाह्या वर सारल्या, पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एक क्यूब उलटा केला.

नऊ.

"सोमवारी साडूसाहेबांनी विचारलं, नऊचे कुठल्या रांगेत आहेत," ती म्हणाली. "सहा वर्षांत कधी टाकीत डोकावले नव्हते. म्हटलं, साहेबांची तब्येत बरी दिसत नाही. त्याच संध्याकाळी क्यूब उलटे केले."

६

नियमाप्रमाणे क्यूबनं नव्वद टन सोसायला हवे होते. फौजदारानं टोपी काढून काटा बघितला. पहिला क्यूब एक्कावन्नला फुटला. आवाज फार मोठा नव्हता. कुणीतरी जाड पुस्तक जमिनीवर टाकावं, तेवढाच. दुसरा अठ्ठेचाळीसला, तिसरा त्रेपन्नला. सहा फोडून बाई थांबली. मॅनेजरनं भिंतीला पाठ टेकली होती. साडू खिळ्याकडे बघत होता, इस्पितळातल्यासारखं टाळून नाही, सरळ.

"माझ्या बाजूनं एक शब्द सांगितला असतास, की मी त्या दिवशी तिथंच होतो सासऱ्यांपाशी..."

"तेच लिहिणार आहे," खिळा म्हणाला. "दहा ते चार. तुमच्या समोरच्या बाकावर होतो."

जीप साडू आणि मॅनेजर दोघांना घेऊन गेली. फाटकावर माजी सैनिकानं ती उघडून तपासली.

रविवारी उद्घाटन झालंच. राजधानीकडून पूल सुरू होतो तिथं एक फीत कापली, तिकडे पूल संपतो तिथं दुसरी. मधे दरी आणि खांब नऊ. दोन्ही शहरांना आपापला द्रुतगती महामार्ग मिळाला आणि एकमेकांचं तोंड बघावं लागलं नाही. दोन्हीकडे लोक समाधानी दिसले.

सोमवारी खिळा पुन्हा लॅबमध्ये आला. बाईच्या टेबलावर कंपनीची नोटीस होती: 'परवानगीशिवाय मेणाच्या खडूने क्यूबवर चुकीचा मजकूर लिहिल्याबद्दल खुलासा करावा.' खिळ्यानं ती वाचली, खिशातून कागद काढला आणि तिच्यावर ठेवला. दक्षता विभागाचा हुकूम होता: खटला संपेपर्यंत लॅबची किल्ली बाईंकडेच राहील, कुणीही काढून घेऊ नये, बाईंनाही हलवू नये.

तिनं तो दोनदा वाचला. आभार मानले नाहीत.

"साडूंचा वकील म्हणतोय, मशीन बिघडलेलं होतं," खिळा म्हणाला. "उरलेले सहा कोर्टासमोर दुसऱ्या मशीनवर फोडायचे. कुठं आहेत?"

"साडू कुठं आहेत?"

"जामिनावर."

"मग सहा क्यूब कुठं आहेत ते मला आठवत नाही."

"मी चौकशी अधिकारी आहे."

"आहात ना. आणि घरी तुमच्या बायकोला बहीण आहे." तिनं बोटांवरचा मेणाचा खडू ओढणीला पुसला. या वेळी तो निळा होता.

खिळ्यानं वाद घातला नाही. त्यानं खिशातून पट्टी काढली, टाकीत बुडवली आणि वाचली. उन्हानं प्यालेलं पाणी वजा करून साधारण सव्वा सेंटिमीटरला थोडं कमी उतरलं होतं; म्हणजे सहाच बाहेर गेले, सहा आतच. कुठल्या खांबाच्या नावानं, ते त्यानं मोजायला घेतलं नाही. पट्टी पुसून खिशात ठेवली.

बाई बघत होती.

"कळलं?"

"कळलं."

उद्घाटन झाल्यामुळे टँकर मोकळे झाले होते. तिनं पाइप टाकीत सोडला, नळ पूर्ण उघडला आणि जुनी पातळी पुसून पाणी काठोकाठ येईपर्यंत दोघंही तिथंच उभी राहिली.